हातच्या कांकणाला आरसा

मिररिंगकाकांचं खरं नाव खाली सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी ठेवलं आणि काकांनी ते आनंदानं लावून घेतलं. असे काका फक्त आमच्याकडेच आहेत असं समजू नका. डोंबिवली असो की नाशिकरोड, जिथे भिंतीवर स्मार्ट टीव्ही आणि घरात एक निवृत्त पुरुष आहे, तिथे ते असतातच. कुठे मामा असतात, कुठे भाऊजी, कुठे थोरले दीर. ओळखायची खूण एकच. चारजण एका मोबाईलवर वाकून फोटो बघायला लागले की मागून आवाज येतो, "अरे, एवढ्याशा मोबाईलवर काय बघताय? थांबा, टीव्हीवर टाकतो."

या ‘थांबा’चा अर्थ जाणकारांना कळतो. कुणी राहिलेला फोन करायला गॅलरीत जातं, कुणी हात धुऊन येतं, आणि काकू काही न बोलता चहाचं आधण ठेवतात. काका मात्र कामाला लागलेले असतात. एक चष्मा कपाळावर, दुसरा नाकावर, डाव्या हातात मोबाईल आणि उजव्या हातात रिमोट. रिमोट अजून प्लास्टिकच्या कव्हरात आहे, वर दोन रबरबँड. त्यामुळे ‘सोर्स’चं बटण दाबलं तरी शेजारचं ‘होम’ दाबलं जातं, पण कव्हर काढायची सूचना काका मनावर घेत नाहीत. "रिमोट खराब होतो," एवढंच म्हणतात.

काकांची उभी हयात टेलिफोन खात्यात तारा ओढण्यात गेली. त्याचाच परिणाम असावा, निवृत्तीनंतर वायर म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला तर फोटो दोन मिनिटांत दिसतील, हे त्यांच्या इंजिनिअरिंगला असलेल्या भाचीनं एकदा सुचवून पाहिलं. काका दुखावले. "पेन ड्राइव्हच लावायचा तर वायफायचं बिल कशाला भरतोय मी?"

अभ्यास मात्र दांडगा. कुणी ‘कास्ट’ आणि ‘मिररिंग’ एकच समजून बोललं की काका त्याला सोफ्यावर बसवतात. कास्टमध्ये मोबाईल टीव्हीला नुसता पत्ता सांगतो. गाणं असो की सिनेमा, टीव्ही तो स्वतः नेटवरून आणतो आणि मोबाईल खिशात घालून तुम्ही भाजी आणायला जायला मोकळे. मिररिंगमध्ये सगळं ओझं मोबाईलवर. आपल्याच पडद्याचं चित्र दर सेकंदाला पुन्हा पुन्हा काढायचं, दाबून लहान करायचं आणि हवेतून टीव्हीकडे भिरकावायचं. "म्हणून तर तापतो बिचारा," असं म्हणून काका आपला मोबाईल समोरच्याच्या गालाला लावून दाखवतात.

इतिहासही तोंडपाठ. मिराकास्ट नावाची पद्धत 2012 साली आली, अँड्रॉइडनं ती त्याच वर्षी घेतली, आणि गूगलनं पुढे आपल्या स्वतःच्या फोनांमधून ती काढूनही टाकली. हे काढून टाकणं काकांना अजून पटलेलं नाही. तरी गूगलचं क्रोमकास्ट 2014च्या डिसेंबरात 2,999 रुपयांना भारतात आलं, तेव्हा ते घेणाऱ्या पहिल्या काहीजणांत काका होते. टीव्हीच्या पाठीत खोचायची ती पेढ्याएवढी डबी त्यांनी दसऱ्याला पूजेतही ठेवली होती. 2024 साली गूगलनं क्रोमकास्ट बनवणं थांबवल्याची बातमी आली, त्या रात्री काका फक्त ताक पिऊन झोपले.

पण ज्ञान वेगळं आणि हात वेगळा. भाचीनं एकदा सांगितलं, "मामा, मिराकास्टला राउटर लागतच नाही. फोन आणि टीव्ही थेट एकमेकांना जोडले जातात." काकांनी मान डोलावली आणि उठून राउटर बंद करून पुन्हा चालू केला. आतल्या खोलीत घरून काम करणारा मुलगा ओरडला, "नेट कुणी बंद केलं? माझी मीटिंग चालू आहे!" काका शांतपणे म्हणाले, "दोघं एकाच वायफायवर नको का?" कास्टचा मंत्र मिररिंगला लागू नाही हे त्यांना मान्य आहे, पण म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. मंत्र झाला की पुढचा विधी टीव्हीचा. तो रिमोटनं बंद करून चालत नाही. "मेन बटणापासून!" अशी आज्ञा सुटते आणि घरातल्या सगळ्यात बारीक मुलाला टीव्हीमागच्या फटीत हात घालावा लागतो.

दुसऱ्याचा मोबाईल हाती आला तर काकांची खरी कसोटी. सॅमसंगमध्ये हीच सोय ‘स्मार्ट व्ह्यू’ नावानं असते, कुणाकडे ती ‘कास्ट’ असते, कुणाकडे ‘वायरलेस डिस्प्ले’, आणि ती सेटिंगच्या कुठल्या पोटात दडली आहे हे ज्याचा फोन आहे त्यालाच ठाऊक नसतं. काका अनोळखी माणसाच्या सेटिंगमध्ये बिनदिक्कत शिरतात. वाटेत त्याचा फॉन्ट मोठा करतात आणि ब्लूटूथ बंद करतात. आयफोनपुढे मात्र त्यांचे हात टेकतात. तो एअरप्ले बोलतो, काकांचा टीव्ही मिराकास्ट. भाचीच्या ठरलेल्या नवऱ्याकडे आयफोन आहे हे कळल्यावर काकांनी पत्रिकेतल्या मंगळापेक्षा या गोष्टीची जास्त काळजी केली.

आणि समजा, जुळलं. टीव्हीवर मोबाईलचा पडदा झळकला. काकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते बघण्यासारखं असतं. अडचण एवढीच, की आता काय दाखवायचं हे त्यांनी ठरवलेलं नसतं. लग्न जुळवण्यात हयात घालवलेल्या माणसाला अक्षता पडल्यावर मांडवात करमू नये, तसं काकांचं होतं. ते फोटो उघडतात, पण बघतात टीव्हीकडे. टीव्ही बोटापेक्षा अर्धा क्षण मागे असतो. फोटो सरकला नाही असं वाटून काका पुन्हा बोट फिरवतात, मग एकदम दोन फोटो पुढे जातात. "मागे घ्या, मागे घ्या, त्यात मी होते!" अशी हाक येते. काका मागे घेतात, ते तीन फोटो मागे जातात. व्हिडिओ लावावा तर तो मोबाईल उभा धरून काढलेला, म्हणजे अख्ख्या टीव्हीत मधोमध एक चिंचोळी पट्टी आणि दोन्ही बाजूंना काळोख. केदारनाथचं देऊळ दिसतं, काकू कापल्या जातात.

शिवाय मिररिंग म्हणजे आरसा. जे जे मोबाईलवर येईल ते ते टीव्हीवर येणार. भाचीच्या केळवणाला आलेली मंडळी बासुंदी खाऊन सोफ्यावर रेलली होती, टीव्हीवर नवरा-नवरीचे फोटो होते, आणि वर पट्टी सरकली: "सहाशे ग्रॅमच आण, पाहुणे नंतर मागत नाहीत. बासुंदी." काकूंनी सकाळी पाठवलेला हा संदेश काकांनी तोवर उघडलाच नव्हता, फोन मघापासून त्याची आठवण करून देत होता. पंचावन्न इंचांवर ते अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. काकूंनी आत जाऊन भांडी वाजवली. पाठोपाठ गॅसचा ओटीपी आला, आणि नवऱ्या मुलाच्या आजोबांनी तो मोठ्यानं वाचून दाखवला.

मग काकांनी विषय बदलायला सिनेमा लावला. आवाज आला, चित्र काळं. ही टीव्हीची खोड नव्हे. पैसे भरून बघायच्या सिनेमांना नकलेपासून जपायची कुलपं असतात आणि आरशात ती बहुतेक वेळा उघडत नाहीत. बँकेच्या ॲपचंही तेच, तिथे तर ते काळं राहतं ते आपल्या भल्यासाठीच. काकांनी हे सगळं पाहुण्यांना समजावून सांगितलं. काळ्या पडद्यावर नायक-नायिका भांडत होते आणि काका नकलेच्या हक्कांबद्दल बोलत होते. खरं सांगायचं तर सिनेमापेक्षा हे बरं होतं.

काकांना हा नाद कुठून लागला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. मुंबईत दूरदर्शन 1972च्या 2 ऑक्टोबरला सुरू झालं, आणि काकांच्या चाळीत पहिला टीव्ही आला तो त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. टीव्ही आला म्हणजे गच्चीवर अँटेना आली, आणि अँटेना आली म्हणजे ती फिरवायला एक धडधाकट तरुण लागला. तो तरुण म्हणजे काका. वारा सुटला, कावळा बसला, पतंग अडकला की खालून आरोळी, "गेलं!" काका गच्चीवर. ते नळी हातभर फिरवत आणि ओरडत, "आलं का?" जिन्यातला पोरगा ते खाली पोचवी, खालून उत्तर वर येई, "मुंग्या आहेत!" पुन्हा फिरवणं. "आता?" "आलं, आलं! तिथेच धरा!"

1987 साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं. सगळी चाळ आंघोळ करून टीव्हीपुढे बसायची आणि काका वर उन्हात नळी धरून उभे. अख्खं लंकादहन त्यांनी गच्चीवरून ऐकलं. हे ते आजही तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत. "चित्र कसलं स्वच्छ यायचं माझ्यामुळे," असं सांगतात. खालून ‘आलं!’ अशी एकमुखानं आरोळी उठे, ती त्यांना पुरत असे. पुढे केबल आली, मग छत्र्या आल्या, कुणी कुणाला वर पाठवेना. मधली काही वर्षं काकांना घरात कामच नव्हतं. वायरलेस मिररिंगनं ते परत दिलं. लोक म्हणतात, काकांना कळत नाही. मला वाटतं, पहिल्या फटक्यात जुळणारा टीव्ही काकांना मिळाला तर ते तो परत करतील.

याचा पुरावा गेल्या कोजागरीला मिळाला. आमच्या इमारतीत बऱ्याच जणांनी एकाच दिवाळीच्या सेलमध्ये एकाच कंपनीचे टीव्ही घेतले आहेत, आणि टीव्हीला वेगळं नाव देता येतं हे कुणाच्या गावी नाही. काकांनी मोबाईलवर शोध सुरू केला तर यादीत तेच नाव चारदा. काकांनी बोट उचललं, क्षणभर डोळे मिटले आणि दुसऱ्यावर ठेवलं. मोबाईल म्हणाला, जोडलं गेलं. आमच्या समोरचा टीव्ही मात्र ढिम्म.

"येईल, वेळ लागतो," असं म्हणत काकांनी फोटो उघडले. नाही आलं. म्हणून त्यांनी फोटो पुढे-मागे केले, रक्ततपासणीचा रिपोर्ट उघडून मिटला, आणि हाताशी आहेच तर सेक्रेटरींना लिहायला घेतलेला अर्धा संदेश पुरा केला: तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या बाथरूममधून गळतं, वारंवार सांगूनही ते दखल घेत नाहीत. दूध आटत होतं, आम्ही काळ्या टीव्हीकडे बघत होतो, भाची पेन ड्राइव्ह शोधत होती.

इतक्यात वरच्या गॅलरीतून तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा खणखणीत आवाज आला, "आलं हो, आलं! आमच्याकडे आलं!"

मालिका बघताना पडद्यावर मध्येच काहीतरी परवानगी मागणारी चौकट आली, आजींनी ती जावी म्हणून मधलं बटण दाबलं, आणि केदारनाथ सुरू झालं. दहा मिनिटांनी आजी स्वतः खाली उतरल्या, हातात वाटीभर मसाला. फोटो छान आहेत म्हणाल्या. साखर जेवणानंतरची जास्त आहे, तेव्हा दूध बेतानं घ्या म्हणाल्या. आणि गळतीचं सेक्रेटरीला कशाला, मला हाक मारली असती तर प्लंबर कधीच बोलावला असता, असंही म्हणाल्या. काकूंनी पदरात तोंड लपवलं. आम्ही सगळे काकांकडे बघू लागलो.

काकांनी एक चष्मा काढून दुसरा लावला. ते पुढे झाले आणि अगदी कळकळीनं विचारलं, "आजी, चित्र स्वच्छ होतं ना? अडकत नव्हतं? आणि आवाज?"