शून्य पूर्णांक शून्य शून्य कोटी

१ जुलै ही तारीख नंदुरबारात सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या आर्टिकलइतकी कुणाच्याच डोक्यात बसलेली नसेल. धुळ्यातून आपला जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला. सीए इन्स्टिट्यूटची स्थापना १ जुलै १९४९ ची. जीएसटी आला १ जुलै २०१७ ला, आणि आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोनवर आणणारी नवी योजनाही १ जुलै २०२३ चीच. इतके योग एका दिवशी जुळून आले, पण त्या दिवशी सुट्टी नाही. सुट्ट्या वर्षाकाठी बारा, आणि टाळली तर नातं तुटेल अशी लग्नं आपल्याकडे एकट्या मे महिन्यात तेवढी निघतात. म्हणून आर्टिकल हळदीला दिसत नाही, वरातीत दिसत नाही. दिसतो तो एकदम पंगतीत, आणि तिथेही पहिला घास तोंडात जाण्याआधी त्याला सरांचा फोन येतो.

पण आपला माणूस हा नव्हे. त्याच आर्टिकलचं पुढे जे होतं, तो आपला माणूस. आर्टिकलशिपच्या शेवटच्या वर्षात एखाद्या कंपनीत नऊ ते बारा महिने इंडस्ट्रियल ट्रेनिंग करता येतं. सक्ती नाही. केलं तरी नऊ महिन्यांत भागतं. नंदुरबारचा मुलगा बारा घेतो. मुंबईत, काचेच्या इमारतीत, ‘कॉर्पोरेट फायनान्स’मध्ये. हे दोन शब्द तो स्वतः फारसे उच्चारत नाही. त्याची आई उच्चारते, ओट्यावर उभी राहून, समोरच्या ओळीला ऐकू जाईल अशा बेताने.

जाण्याआधी तो कसा होता हे सांगायला हवं. बँकेच्या स्टॉक ऑडिटसाठी सरांनी पिटाळलं की तो मिरचीच्या पथारीवर उभा असायचा. दिवाळीच्या आगेमागे बाजार समितीत लाल मिरचीची आवक चढते. माल ओलाच येतो, व्यापारी तो गावाबाहेरच्या मोकळ्या जागांवर पसरून वाळवतात. व्यापाऱ्याने बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये वजन लिहिलेलं असतं, पण ते नेमकं कुठल्या दिवसाचं? ओली मिरची रोज वाळते, रोज उतरते. काल मोजलेला माल आज तेवढा भरत नाही आणि चोरी तर कुणी केलेली नसते. मध्येच अवकाळी आला की वजन चढतं आणि भाव बसतो. यावरून ड्रॉइंग पॉवर काढायची, म्हणजे बँकेने किती उचल द्यायची ते ठरवायचं. आमचा माणूस नाकाला रुमाल बांधून आकडे लिहायचा, दर दोन आकड्यांमागे एक शिंक. देठ खुडणाऱ्या बाया त्याच्या शिंकांचा हिशेब ठेवायच्या आणि तो बहुधा त्याच्या हिशेबापेक्षा बरोबर असायचा.

ज्ञान मात्र तेव्हाही उतू जात होतं. सारंगखेड्याच्या यात्रेत मित्र घोड्यांची चाल बघत असताना यानेच सांगितलं होतं की जिवंत घोड्यावर जीएसटी लागतो, बैलावर लागत नाही. त्यानंतर मित्रांनी त्याला यात्रेला नेलं नाही.

मुंबईला निघाला तो सुरतमार्गे. नवापूर स्टेशनावरून महाराष्ट्र-गुजरातची हद्द जाते, बाकाचं अर्धं लाकूड इकडे आणि अर्धं तिकडे, हे जिल्ह्यातल्या पोराटोरांना ठाऊक आहे. याने डब्यातल्या लोकांपुढे प्रश्न टाकला की बाकाच्या त्या टोकाला बसून या टोकाचा चहा घेतला, तर तो आंतरराज्य व्यवहार धरायचा की राज्यांतर्गत? बराच वेळ खल झाला. गाडी हलल्यावर त्यानेच निकाल दिला की चहावाल्याची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असणार, म्हणून प्रश्नच उद्भवत नाही. तोवर चहा घ्यायचा राहून गेला होता. समोरच्या आजोबांनी तोंडावर धोतराचा सोगा ओढून घेतला.

कंपनीत पहिल्या दिवशी त्याला लॅपटॉप मिळतो, गळ्यात अडकवायला ओळखपत्र मिळतं. ओळखपत्राचा फोटो त्याच संध्याकाळी घरच्या ग्रुपवर जातो आणि मामेमावसभावांत दोन दिवस फिरतो. दुसऱ्या दिवशी त्याला कळतं की इथे आकडे कोटींत आहेत.

याला कायद्याचा आधार आहे. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टाप्रमाणे, उत्पन्न शंभर कोटींच्या घरात गेलं की ताळेबंदातले आकडे लाख, दशलक्ष किंवा कोटींत पूर्णांकित करून मांडायचे. २०२१ पर्यंत हे ऐच्छिक होतं, मग बंधनकारक झालं. याची कंपनी कोटींत मांडते, दशांश चिन्हापुढे दोन घरं. म्हणजे ०.०१ हा एक लाख. अर्ध्या लाखाखालची रक्कम कंपनीत असते, पण कागदावर दिसत नाही. एका रात्री ऑफिसात कुणी नसताना त्याने आपला महिन्याचा स्टायपेंड त्या तक्त्यात टाकून बघितला. ०.०० आला. त्याला वाटलं सूत्र चुकलं. सूत्र बरोबर होतं. मग बारा महिन्यांचा एकत्र टाकला, तेव्हा कुठे शेवटच्या घरात काहीतरी उगवलं. एवढ्यावरही तो खूश झाला, कारण त्याच्या शेजारी बसणाऱ्या दुसऱ्या ट्रेनीचा स्टायपेंड जरा कमी होता.

काम काय, तर रोज सकाळी कंपनीच्या सगळ्या खात्यांत किती शिल्लक आहे ते उतरवायचं. पैसे पाठवायचे तर एक जण बँकेच्या पोर्टलवर नोंद करतो, तो मेकर. दुसरा मंजूर करतो, तो चेकर. हा दोन्ही नाही. याच्या लॉगिनला फक्त बघण्याची मुभा. महिनाअखेरीला बजेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी मांडून फरकाचं कारण लिहायचं. पहिल्या महिन्यात तो कारणं शोधत तीन मजले फिरला. दुसऱ्या महिन्यात एका दयाळू सिनियरने त्याला गुरुमंत्र दिला : ‘टायमिंग डिफरन्स’. खर्च जास्त झाला, पुढच्या महिन्याचा आधी झाला. कमी झाला, पुढे होईल. यानंतर त्याला कधी जिना चढावा लागला नाही. पुढे चुलतभावाच्या लग्नाला तो जेवणं उरकल्यावर पोचला, तेव्हा काकांनाही त्याने हेच कारण दिलं.

इकडे गावात मात्र पक्की समजूत, की कंपनीची तिजोरी याच्याच हातात आहे. एकाने मुलाच्या नोकरीचं विचारलं, एकाने विहिरीच्या कर्जाचं. शहाद्याकडून एका मुलीचे वडील ‘सहज’ येऊन बसून गेले. दिवाळीला हा घरी आला की दारात खाट टाकून बसलेल्या आबांची उलटतपासणी ठरलेली.

“तुले कितला पगार भेटस रे भो?”

“आबा, पगार नाही, स्टायपेंड.”

“मंग तुन्हं काम काय शे?”

“कंपनीचा कॅश फ्लो बघतो.”

“नुसता देखस?”

अख्ख्या ट्रेनिंगमध्ये त्याच्या कामाचं इतकं अचूक वर्णन मुंबईत कुणी केलं नव्हतं. तो काही बोलला नाही.

घरात मात्र तो बोलतो, आणि फार बोलतो. आईने मिक्सर घ्यायचं काढलं, याने विचारलं कॅपेक्स की ओपेक्स. किराण्याच्या यादीला तो रोलिंग फोरकास्ट म्हणतो. आई ऐकून घेते आणि मुलगा परत जाताना त्याच्या पिशवीत मिरचीपूड, कळण्याचं पीठ नि बिबड्या भरते. मुंबईच्या खोलीत ती पूड पहिल्यांदा भाजीत पडली, त्या दिवशी पार्टनर लोकांनी आधी पाणी मागितलं, मग दही, मग पत्ता. कुठून मागवतोस म्हणून.

खरा सामना वडिलांशी. वडील बाजार समितीत एका अडतीवर दिवाणजी. कॉम्प्युटर आला तरी रोजमेळ आधी हाताने लिहिणारे. अकरा रुपयांचा फरक लागेना म्हणून दुकान बंद झाल्यावरही दिवा लावून बसलेले मी त्यांना पाहिलं आहे. मुलाने त्यांना वर्किंग कॅपिटल सायकल समजावली, वहीच्या मागच्या पानावर बाण काढून. शेतकऱ्याला पैसे आज द्यायचे, बाहेरगावच्या खरेदीदाराकडून ते येणार दीड-दोन महिन्यांनी, मधल्या दिवसांचं व्याज बँकेला. या दिवसांना डेटर डेज म्हणतात, ते मोजायचे, त्यांचा डॅशबोर्ड करायचा, लाल-पिवळा-हिरवा. वडिलांनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, “आमच्याकडे दुपारचा चहा कोरा यायला लागला की समजायचं, सेठची उधारी अडकली.” मुलाने हे हसण्यावारी नेलं. परत जाताना गाडीत मात्र त्याने मोबाइलवर उतरवून घेतलं, कारण त्याच्या कंपनीचा डॅशबोर्ड पंधरा दिवस उशिरा निघायचा.

वर्ष संपलं. निरोपाचा केक कापला गेला, आणि आता हा घरी बसून सीए फायनलचा अभ्यास करतो. ऑडिटचं पुस्तक उघडलं की वर्षभर ऑडिट केलेलं नाही हे त्याच्या ध्यानात येतं, म्हणून तो आधी फायनान्सचं उघडतो. त्याच्या जागेवर शहाद्याचा नवा मुलगा लागला आहे. परवा रात्री जेवताना त्याचा फोन आला. याने स्पीकरवर टाकला.

“दादा, तुझ्या शीटमध्ये एकूण बेरजेत ०.०२ चा फरक येतोय. कुठला आहे?”

“तो पहिल्यापासून आहे. मला पण तसाच मिळाला होता. राउंडिंग लिही आणि हात लावू नकोस.”

वडिलांचा घास हातातच राहिला. कोटी, दशांश, दोन घरं असं त्यांनी मनातल्या मनात मांडलं. मग विचारलं, “म्हणजे दोन लाख?”

“हो बाबा, पण ते मटेरियल नाही.”

वडील ताटावरून उठले, चष्मा घेऊन आले आणि म्हणाले, “त्याला फोन लाव परत. वही काढायला सांग.”