पुराणनगर आणि पांढरी

खुले वस्तुसंग्रहालय या संज्ञेची व्याख्या करताना पहिली अडचण अशी येते की, मराठीत ‘उघड्यावर’ हा शब्द सहसा कोणत्याही चांगल्या गोष्टीला लागत नाही. संसार उघड्यावर पडतो, खाद्यपदार्थ उघड्यावर विकले जातात, आणि उघड्यावर काय करू नये याच्या पाट्या तर गावोगाव लागलेल्या असतात. म्हणून ‘उघडे’ टाळून ‘खुले’ हा शब्द पत्करावा लागतो, आणि त्याचा अर्थ असा घ्यावयाचा की, जेथे वस्तू इमारतीत न ठेवता इमारतीच वस्तू म्हणून मैदानात मांडलेल्या असतात ते संग्रहालय. आर्टुर हाझेलियस या स्वीडिश गृहस्थाने १८९१ साली स्टॉकहोम येथे स्कान्सेन नावाचे असे संग्रहालय सुरू केले, तेव्हा त्याने देशाच्या निरनिराळ्या भागांतील जुनी घरे उचलून एका टेकडीवर आणून बसवली. आपल्याकडेही घरे उचलली जातात, परंतु ती धरणाच्या पाण्यामुळे, हौसेने नव्हे. आणि उचललेले घर पुन्हा कोठे बसवायचे हा प्रश्न पुनर्वसनाच्या फायलीत पडून राहतो, एवढाच काय तो फरक.

या प्रकारातला आशियातील एक भव्य मासला बँकॉकच्या दक्षिणेस आहे. लेक विरियाफान (१९१४–२०००) या थाई उद्योगपतीने थायलंडच्या नकाशाचा आकार असलेल्या विस्तीर्ण जमिनीवर देशभरातील शंभराहून अधिक ऐतिहासिक वास्तूंच्या प्रतिकृती, काही मूळ मापाच्या तर काही लहान मापाच्या, नकाशातील आपापल्या जागी उभ्या केल्या आणि १९७२ साली हे संग्रहालय लोकांसाठी खुले झाले. ‘लेक’ या थाई शब्दाचा अर्थ ‘लहान’ असा होतो. एका लहानाने सारा देश आपल्या पावलांखाली आणावा, ही कथा वामनाची म्हणून मराठी वाचकाला परिचित आहेच; फरक इतकाच की येथे बळीला पाताळात न घालता तिकीट लावून आत घेतले जाते. अयुथया या जुन्या राजधानीतील सानफेत प्रासात हा राजवाडा १७६७ च्या ब्रह्मी स्वारीत नष्ट झाला होता, तो येथे पुन्हा उभा राहिला आणि १९७२ मध्ये इंग्लंडच्या राणीचे स्वागतही त्यातच झाले. दोनशे वर्षे उशिरा का होईना, पाहुण्यांसाठी वाडा तयार झाला, असे म्हणावे लागते.

या स्थळाच्या नावांकडे पाहिले की संस्कृतोद्भव मराठी जाणणाऱ्या वाचकाला दुभाषी फारसा लागत नाही. स्थळाचे नाव ‘मुआंग बोरान’. त्यातील ‘मुआंग’ म्हणजे नगर आणि ‘बोरान’ म्हणजे आपले ‘पुराण’, कारण संस्कृत शब्द थाई तोंडातून बाहेर पडताना शेवटचा स्वर गिळला जातो आणि ‘प’चा ‘ब’ होतो. ज्या प्रांतात ते आहे त्याचे नाव ‘समुत प्राकान’, म्हणजे समुद्रप्राकार, आणि प्राकार म्हणजे तटबंदी. ‘सानफेत प्रासात’ म्हणजे सर्वज्ञ-प्रासाद, आणि अयुथया तर उघडच अयोध्या. परंतु या साऱ्यांवर ताण करणारा शब्द वेगळाच आहे: वस्तुसंग्रहालयाला थाई भाषेत ‘फिफित्थफन’ म्हणतात आणि त्याची मूळ घडण ‘विविध’ आणि ‘भाण्ड’ अशी आहे. भाण्ड म्हणजे मुळात माल, सामान, चीजवस्तू. परंतु मराठी कानाला त्यात ‘विविध भांडी’ ऐकू येतात, आणि धाराशिव जिल्ह्यातील वाचकाला तर ती इतकी स्पष्ट ऐकू येतात की पुढील विवेचन त्याच भांड्यांच्या आधाराने करणे सोयीचे ठरते.

मराठवाडा आणि सोलापूर या पट्ट्यातून बँकॉकच्या सहलीला जाणारा पर्यटक हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. त्याच्या पिशवीत शेंगाचटणी, ज्वारीची कडक भाकरी आणि कुंथलगिरीचे पेढे असतात, आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत मुआंग बोरानसाठी अर्धा दिवस राखलेला असतो. त्या अर्ध्या दिवसात तो भाड्याच्या सायकलीवरून किंवा बॅटरीच्या गाडीतून दक्षिण थायलंडच्या टोकापासून उत्तरेच्या डोंगरापर्यंत जातो, प्रत्येक देवळापुढे कुटुंबासह उभा राहतो, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत एक अख्खा देश पाहून झाल्याच्या समाधानात हमखास एक वाक्य उच्चारतो: ‘आपल्याकडं असं काही नाही बघा.’ प्रस्तुत लेखकाच्या मते हे वाक्य म्हणजे या विषयावरील मराठी चिंतनाचा गाभाच आहे, आणि म्हणून त्याची नीट तपासणी झाली पाहिजे. आपल्याकडे ‘असं’ काही नाही, हे खरे आहे. मुआंग बोरानमध्ये प्रतिकृती आहेत. धाराशिव जिल्ह्यात मूळ वस्तूच आहेत, त्याही नकाशातील आपापल्या जागी, पूर्ण मापाच्या, आणि अशा एका मैदानात मांडलेल्या की त्याचा आकार थेट धाराशिव जिल्ह्याच्या नकाशासारखा आहे. सायकलींचा ठेका तेवढा अद्याप कोणी घेतलेला नाही.

या मैदानातील सर्वांत जुने दालन म्हणजे तेरणा नदीच्या काठचे तेर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात, पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ‘तगर’ नावाचे फार मोठे नगर असल्याची आणि तेथून जाडेभरडे कापड, मलमल वगैरे माल भडोचच्या बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. हे तगर नेमके कोणते, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांचा बराच घोळ झाला. देवगिरी, जुन्नर, धारूर अशी इच्छुकांची रीतसर यादी तयार झाली आणि प्रत्येकामागे एकेक वजनदार पंडित उभा राहिला. अखेर १९०१ मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरच्या बाजूने निकाल दिला आणि तो टिकला; तिकीटवाटपाच्या इतिहासात निष्ठावंत आणि स्थानिक उमेदवाराला न्याय मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण होय. त्याच ग्रीक ग्रंथात असेही म्हटले आहे की, हा माल रस्ते नसलेल्या मुलखातून गाड्यांवर लादून न्यावा लागे. तगर कोठे होते हे सिद्ध करण्यासाठी पुढे १९५८ साली उत्खनन करावे लागले. या दुसऱ्या विधानाच्या पुराव्यासाठी मात्र कोणालाही कुदळ हाती धरावी लागली नाही, कारण पावसाळ्यात तेरकडे जाणाऱ्या कोणाही प्रवाशाच्या कमरेने ते वेळोवेळी सिद्ध केले आहे.

तेरचे त्रिविक्रम मंदिर विटांचे आहे आणि त्याचा मागचा भाग अर्धगोल, छप्पर पिंपासारखे गोलाकार आहे. या घडणीला वास्तुशास्त्रात गजपृष्ठाकार म्हणतात, म्हणजे बसलेल्या हत्तीच्या पाठीसारखी. असा आकार बौद्ध चैत्यगृहांचा, म्हणजे प्रार्थनेच्या सभागृहांचा असतो, म्हणून ही वास्तू मुळात बौद्ध होती की पहिल्यापासून वैदिक परंपरेची, हा वाद विद्वानांत चालू आहे. आत उभा असलेला त्रिविक्रम मात्र एक पाय उचलून शांतपणे दोन्ही पक्षांचे ऐकून घेत असतो आणि तो पाय खाली टेकवण्याची त्याला घाई नाही. भारतात या घडणीची उभी राहिलेली प्राचीन विटांची मंदिरे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. आंध्रातील चेझर्ल्याचे कपोतेश्वर हे त्यांतले एक. अशी वास्तू थायलंडमध्ये असती तर तिच्यापुढे कमळांचे तळे, सावलीची बाके आणि नारळपाण्याचे दुकान आले असते. तेरमध्ये तिच्यापुढे गाव आहे, आणि गावाला आपल्या वयाचे विशेष वाटत नाही. जे रोज दाराशी उभे असते त्याला कोणी ‘पाहायला’ जात नाही, त्याला फार तर प्रदक्षिणा घातली जाते. जवळचेच उत्तरेश्वर मंदिरही विटांचे. त्याची कोरीव लाकडी दारचौकट आता गावातील संग्रहालयात आहे, आणि या जुन्या विटा पाण्यावर तरंगतात असे गावकरी अभिमानाने सांगतात. हल्लीच्या बांधकामातील विटा पाण्यात विरघळतात, हे ते मागाहून आवाज उतरवून सांगतात.

तेरचे संग्रहालय आणि मुआंग बोरान यांची तुलना येथे अपरिहार्य ठरते, कारण दोन्हींच्या मुळाशी एकेका माणसाचा छंद आहे. गावच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या राखाडी-पांढऱ्या मातीच्या टेकाडांत, पावसागणिक वर येणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती आणि खापरे तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे गोळा केली, आणि आज त्यांच्या नावाचे शासकीय वस्तुसंग्रहालय गावात उभे आहे. लेक यांनी आपल्या हौसेपायी नष्ट झालेले राजवाडे नव्याने बांधले. लामतुरे यांनी फुटलेले मडके फुटलेलेच ठेवले. या संग्रहात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे, आणि इटलीतील पाँपेई शहराच्या राखेत सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे नाते अभ्यासक जोडतात. ज्या काळात तेरहून इटलीपर्यंत एवढी नाजूक वस्तू न मोडता पोचू शकत होती, त्या काळातील पार्सलव्यवस्थेचा अभ्यास आजच्या संबंधितांनी करावयास हरकत नाही. बाकी दालनांत भांडी, खापरे आणि पुन्हा भांडी असा क्रम आढळतो, आणि ‘विविधभाण्ड’ हा थाई शब्द तेरइतका शब्दशः खरा जगात दुसरीकडे कोठे होत असेल, असे वाटत नाही.

याच तेरचे संत गोरोबाकाका व्यवसायाने कुंभार होते, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही. मुक्ताईच्या सांगण्यावरून त्यांनी संतमंडळींची डोकी थापटण्याने, म्हणजे मडके घडवताना ठोकण्याच्या लाकडी साधनाने, ठोकून पाहिली आणि नामदेवांचे मडके कच्चे असल्याचा निर्वाळा दिला, ही कथा सर्वश्रुत आहे. संग्रहालयशास्त्रात अस्सल आणि नक्कल ओळखण्यासाठी किरणोत्सर्गी कार्बनाची, क्ष-किरणांची अशा अनेक खर्चिक पद्धती सांगितल्या जातात. थापटण्याच्या पद्धतीला खर्च नाही, आणि तपासणी होत असता नामदेवांखेरीज कोणी तक्रार केल्याचे परंपरा सांगत नाही. बँकॉकहून परतलेल्या पर्यटकांवर तिचा प्रयोग व्हावा, असे मात्र प्रस्तुत लेखक सुचवणार नाही, कारण त्याच्या नातलगांपैकी बरेच जण त्या सहलीला जाऊन आले आहेत.

फिरते प्रदर्शन, म्हणजे एका संग्रहालयाने आपली मौल्यवान वस्तू ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्याकडे पाठवणे, ही आधुनिक पाश्चात्त्य संस्थांची कल्पना मानली जाते. परंतु तुळजापूर तालुक्यातील अणदूर आणि नळदुर्ग या गावांत ती पूर्वापार चालू आहे. येथील खंडोबाची मूर्ती वर्षातील बहुतेक महिने अणदुरात आणि सुमारे पावणेदोन महिने नळदुर्गात असते, आणि देव हलवताना दोन्ही गावांचे मानकरी लेखी करार करतात. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांना उसनी घेतलेली वस्तू परत करण्याची आठवण करून द्यावी लागते. येथे देव मुदतीत परत येतो. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, बांध घालून त्याच्या पोटात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात बांधावरून पाणी दोन धारांनी कोसळते, त्या धारांना ‘नर’ आणि ‘मादी’ म्हणतात, आणि त्याच वेळी आत महालात बसलेला माणूस कोरडा राहतो. चारशे वर्षांपूर्वीच्या या बांधकामात पाण्याखाली कोरडे बसता येते आणि कालपरवाच्या शासकीय विश्रामगृहात छताखाली बसूनही येत नाही, याची मीमांसा जलसंपदा आणि सार्वजनिक बांधकाम या दोन खात्यांनी आपसांत करावी.

परांड्याचे प्रकरण थोडे हळवे आहे. अहमदनगर येथे १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ परांड्याच्या किल्ल्यावर होती, ती १६३२ मध्ये विजापूरला नेली गेली आणि तेथेच राहिली. थाई लोकांची अशीच एक दुखरी जागा आहे: प्रीह विहार हे डोंगरकड्यावरील मंदिर आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये कंबोडियाच्या हवाली केले, तेव्हा मुआंग बोरानमध्ये कृत्रिम डोंगर रचून त्यावर त्या मंदिराची प्रतिकृती बसवली गेली आणि मन शांत केले गेले. परांडेकरांनी तोफेची प्रतिकृती केलेली नाही. तोफ गेली, परंतु ती आमची होती, एवढे सांगून ते चहा मागवतात. आणि दुःख निवारणाचा हा मार्ग डोंगर रचण्यापेक्षा स्वस्त आहे, हे मान्य करावे लागते.

एप्रिल-मे महिन्यांत या संग्रहालयाला भेट देणाऱ्याने डोक्याला उपरणे बांधावे, एस.टी.चे वेळापत्रक हे भाविकतेने वाचावयाचे वाङ्मय आहे असे समजून चालावे आणि तेरला शक्यतो पहिल्या पावसानंतरच जावे. पाऊस झाला की पांढरी धुऊन निघते आणि चपलेच्या टोकाशी लाल-काळी खापरे उघडी पडतात, त्यांतली काही सातवाहनकाळातील असतात. वाचकाने ती खिशात घालून घरी नेऊ नयेत. हातात आलीच तर गावातल्या संग्रहालयात नेऊन द्यावीत.