जनरेटरचा सा

झाडीपट्टीच्या नाटकात बेस गिटार वाजवणाऱ्याला नाटक दिसत नाही, पाय दिसतात. रंगमंचासमोर गुडघाभर खणून, तणस अंथरून त्यावर सतरंजी टाकतात. मधोमध ऑर्गनवाले मास्तर, त्यांच्या उजव्या हाताला तबलजी, पलीकडे ऑक्टोपॅडवाला पोरगा, आणि उरलेल्या कोपऱ्यात, वायरींच्या जुडग्यावर, मी. तिथून रंगमंचाची कड बरोबर नाकासमोर येते. त्यामुळे आमच्या गावच्या हौशी मंडळाची सगळी नाटकं मी घोट्यापर्यंतच पाहिली आहेत. पण घोट्यापर्यंतही बरंच कळतं. पहिल्या अंकात खलनायकाच्या पायात असलेले टोकदार काळे बूट दुसऱ्यात इन्स्पेक्टरच्या पायात येतात आणि तिसऱ्यात मुंबईहून शिकून परतलेल्या नायकाच्या. प्रेक्षक शेवटपर्यंत खुनी कोण म्हणून ताटकळतात. माझ्या दृष्टीने खून, तपास आणि लग्न, तिन्ही त्या बुटांनीच उरकलेली असतात.

झाडीपट्टी म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर. गोंदिया 1999 पर्यंत आमच्या भंडाऱ्यातच होता. जिल्हा वेगळा झाला, नाटकाचं वेड वाटून घ्यायची गरज पडली नाही. दिवाळी झाली, मंडईची जत्रा भरली, धान कापून मळून घरात आलं, की गावोगाव मंडप उभे राहतात. दिवसा बैलांचा शंकरपट, रात्री नाटक ही जुनी जोडी. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलांच्या शर्यती बंद झाल्या आणि 2021च्या डिसेंबरात परत सुरू झाल्या. मधल्या काळात आमच्या गावचे बैल घरी बसले, नट काही बसले नाहीत. त्यांच्यावर बंदी आणावी असं कोणाला सुचलं नाही, इतकंच.

नाटक रात्री दहाचं म्हणून जाहीर होतं, अकराला सुरू होतं आणि उजाडताना संपतं. पाहुणे, जावई, मेहुणे आदल्या दिवसापासून येऊन पडलेले असतात. घरोघरी लाखोरीच्या डाळीचे वडे तळले जातात आणि त्या गडबडीत एखाद-दुसरी सोयरीकही जमते. वैनगंगेपलीकडच्या वडशात नाटकाच्या धंद्याची पेठ आहे. तिथल्या कंपन्या हंगामभर रोज नव्या गावात असतात. कुरखेडा भागातले झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्याकडे कोणाला नवल वाटलं नाही. एवढी वर्षं दिल्लीवाले कुठे होते, एवढंच लोक विचारत होते. आमचं मंडळ मात्र कंपनीचं नाही, हौशी. नायक किराणा दुकान चालवतो, खलनायक शाळेत गणित शिकवतो (पोरांच्या मते त्याला वेगळा अभिनय करावा लागत नाही), आणि नट्या तेवढ्या बाहेरून येतात, 'नाईट'वर.

या सगळ्यात बेस गिटार कुठून आली? माझ्यामुळे. कॉलेजात असताना नागपूरच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचो, नोकरी लागली, गिटार कपाटावर गेली. मंडळाच्या अध्यक्षांना ती दिसली आणि 'या वर्षी संगीतात काहीतरी नवं' असा ठराव झाला. पहिल्याच रात्री पुढच्या रांगेतले एक आजोबा वाकून बराच वेळ गिटार न्याहाळत राहिले.

"का जी, दोन तारा तुटल्या का?"

"नाही जी, हिला चारच असतात."

"मंग पैसे बी चार तारांचेच घेता न?"

गिटारीला सहा तारा असतात हे आमच्याकडे पोरासोरालाही ठाऊक असतं, आणि चार तारांच्या गिटारीकडे ते अपघातातून वाचलेल्या माणसाकडे पाहावं तसं पाहतात. ही पडदे असलेली, खांद्याला अडकवून वाजवायची विजेची बेस 1951 साली बाजारात आणली ती अमेरिकेतल्या लिओ फेंडर नावाच्या गृहस्थाने. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. त्यामुळे हे वाद्य वाजवायला ते निर्माण करणाऱ्याइतकंच कौशल्य लागतं, असं मी तबलजींना सांगतो. ते मान डोलावतात. जरा जास्तच डोलावतात.

खरं सांगायचं तर मराठी संगीत नाटकाला बेसची गरज कधीच पडली नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगमंचावर आलं, पुढे बालगंधर्वांच्या कंपनीत अहमदजान थिरकवा तबल्याला आणि कादरबक्ष सारंगीला बसले. खालच्या सुरांचं काम ऑर्गनचा डावा हात आणि डग्गा यांनी परस्पर वाटून घेतलं होतं. ती वाटणी अजून चालू आहे. आमचे मास्तर डाव्या हाताने खालचा सा धरतात, तबलजी डग्ग्यावर घिस्सा मारतात, आणि मी त्या दोघांच्या मधल्या जागेत शिरायला बघतो. गाडीत तिघांच्या सीटवर चौथा बसतो, तेव्हा कोणी त्याला ऊठ म्हणत नाही, फक्त सरकत नाही.

पण माझा खरा स्पर्धक खड्ड्यात नसतोच. तो मंडपामागे, ट्रॉलीवर असतो आणि डिझेल पितो.

जनरेटरची वीज सेकंदाला 50 कंपनांची. अर्थिंग नीट नसलं की, आणि ते कधीच नीट नसतं, ती कंपनं अँप्लिफायरमधून थेट स्पीकरमध्ये येतात आणि रात्रभर एक अखंड 'हूंऽऽ' लागतो. माझ्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला बोट ठेवलं, तर सेकंदाला 49 कंपनं मिळतात. पेटीच्या भाषेत पांढरी पाच. म्हणजे आमचा जनरेटर सगळं नाटकभर पांढरी पाचमध्ये गातो, पण एक कंपन चढा. मी तो सूर लावला की दोघांत सेकंदाला एक हेलकावा बसतो, वांव... वांव... आणि मागच्या रांगेत कोणीतरी म्हणतं, मायक खराब आहे.

यावर तोडगा मला नाटकानेच दिला. नायिकेचं गाणं आलं की लाईटवाला उत्साहाने सगळे हॅलोजन एकदम लावतो. भार पडला की जनरेटर धापा टाकतो, चाल मंदावते आणि 50चे 49 होतात. त्या चार मिनिटांत जनरेटर, ऑर्गन, नायिका आणि मी, सगळे एका सुरात. संगीताचा असा योग मी मोठ्या शहरांतल्या सभागृहांतही फार ऐकलेला नाही. गाणं संपतं, हॅलोजन विझतात, जनरेटरला हुरूप येतो, आणि खलनायक प्रवेश करतो तो बेसुऱ्या गुरगुराटात. लोक म्हणतात, पार्श्वसंगीत काय जमलंय! हे लोकांना कसं सांगणार, की ते डिझेलने दिलंय?

दोन वाजल्यानंतर आणखी एक भानगड. थंडी पडते, पोलादी तारा आखडतात आणि माझे सूर चढतात. त्याच वेळी दव पडतं, डग्ग्याचं कातडं ओलावतं आणि तो उतरतो. तबलजी अंकांच्या मधल्या वेळात डग्गा हॅलोजनसमोर धरून शेकतात, मी बोटांना फुंकर मारत तारा उतरवतो. तो वर येतो, मी खाली जातो, वाटेत कुठेतरी आमची गाठ पडते आणि तिसरा अंक सुरू होतो. हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत. जर्मनीत बायरॉइटला संगीतकार वॅग्नरने 1876 साली बांधून घेतलेल्या नाट्यगृहात वादक रंगमंचाखाली पूर्ण झाकलेले असतात, प्रेक्षकांना दिसतसुद्धा नाहीत. आमच्या खड्ड्याला झाकण नाही. उलट पुढच्या रांगेतली पोरं आत पाय सोडून बसतात आणि एखादं झोपेत माझ्या अँपवर कलंडतं. कलंडलेल्या पोराने आवाज बराच सुधारतो, हे मी मोकळेपणाने मान्य करतो.

बेसचं खरं काम मात्र रडण्याच्या प्रसंगात. आई मुलाच्या प्रेतावर कोसळते. मास्तर थांबतात, तबला थांबतो, आणि मी एकटा खालचा सूर धरून ठेवतो. इतक्यात मायकवर घोषणा होते: "या प्रवेशावर खूश होऊन पाहुण्यांकडून एकशे एक रुपयाचं बक्षीस." सूर चालू. "निळा स्वेटर घातलेला एक पोरगा कमिटीपाशी रडून राहिला, ज्याचा असेल त्यानं घेऊन जावा." सूर चालू. "एमएच छत्तीस, लाल ट्रॅक्टर, रस्त्यातून काढा जी, बोअरवेलची गाडी अडली." आई अजून प्रेतावरच आहे, प्रेताने हळूच नाक खाजवलं, ते फक्त मला दिसलं. ट्रॅक्टर निघाल्याचा आवाज येतो, आई हंबरडा फोडते, आणि हजारभर माणसं खरोखर डोळे पुसतात. पुण्या-मुंबईचे जाणकार या नाटकांना भडक म्हणतात. बोअरवेलच्या गाडीनंतर माणसाला पुन्हा रडवायला काय लागतं, ते त्यांनी एकदा करून पाहावं.

त्या आईचं काम करणाऱ्या बाईंच्या पायांना आळता लावलेला होता आणि पाय घोट्यापाशी सुजले होते. दिवाळीपासून रोज वेगळं गाव, रोज रात्रभर उभं राहून, दिवसा झोप जीपमध्ये. प्रवेश संपल्यावर त्या विंगेत जाऊन एक पाय दुसऱ्यावर घासत उभ्या राहिल्या, आणि पुढच्या प्रवेशात लग्नाच्या वरातीत नाचल्या, कारण ठरलेली दुसरी नटी आलीच नव्हती.

नाटकाचा हिशेब आठवड्याने ग्रामपंचायतीसमोरच्या पारावर वाचला जातो. या वर्षीही सगळे जमले. खजिनदारांनी चष्मा लावला. मंडप अमुक, पडदे अमुक, नट्या अमुक. संगीत: ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड. मी कान टवकारले. माझं नाव नाही. पुढचं पान उलटलं: जनरेटर भाडं, डिझेल, "आनि आवाज करनारा एक मानूस".

मी हात वर केला. खजिनदार समजुतीने म्हणाले, "संगीतात तीनच जणाची मंजुरी होती जी. तुमाले जनरेटरात टाकलं. तिकडं पैसे उरले होते."

मागून जनरेटरवाला ताडकन उठला.

"तो मानूस माजा नाही जी!"

बरीच चर्चा झाली. अध्यक्षांनी शेवटी मत घेतलं, आणि मला बहुमताने जनरेटरकडे वर्ग करण्यात आलं.