वहिनींच्या तोंडाला झाकण

अहो, ऐकलंत का? या ना जरा इकडे, फेन्सपाशी. मेथी कुठे पळून जात नाहीये, नंतर खुडा.

कोपऱ्यावरच्या वहिनी हो, मिरजेच्या. कुणाच्याही घरी गेल्या की चहाच्या आधी औषधांचा डबा उघडून बघायच्या ना, त्याच. त्या आता फार्मसीत काउंटरच्या आत उभ्या असतात! निळा कोट, गळ्यात बिल्ला, आणि बिल्ल्यावर ‘सर्टिफाइड फार्मसी टेक्निशियन’. मी तर रिफिल घ्यायला गेले आणि बघतच राहिले.

नाही, तशी कुणकुण होती मला. तो बोटांच्या ठशांचा गोंधळ आठवतोय ना? ‘वहिनींचे फिंगरप्रिंट्स घेतले’ एवढंच कुणीतरी ओक ट्री रोडवर भाजी घेताना ऐकलं आणि संध्याकाळपर्यंत एडिसनभर पोलीस केस झाली! ‘नवऱ्याच्या बिझनेसचं काहीतरी असणार,’ इथपर्यंत गाडी गेली. मी कुणाचं नाव घेत नाही, पण ज्यांनी सांगितलं त्यांच्याकडेच संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. आणि निघालं काय? न्यू जर्सीत टेक्निशियन व्हायचं तर राज्याच्या बोर्ड ऑफ फार्मसीकडे नाव नोंदवावं लागतं, आणि त्याआधी ठसे घेऊन पार्श्वभूमी तपासतात. बरोबरच आहे म्हणा, तिथे कसल्या कसल्या गोळ्या असतात, कुणाच्याही हातात चावी द्यायची का? पण ज्यांनी पोलीस केस केली होती त्यांचा चेहरा बघायला हवा होतात तुम्ही. तिळगूळ हातातच राहिला.

तर काय सांगत होते… हां, कोर्स. काउंटी कॉलेजात ते कंटिन्युइंग एज्युकेशन असतं ना, तुम्ही केक डेकोरेशनला गेला होतात, तेच खातं. डिग्री नाही, क्रेडिट नाही, संध्याकाळचे वर्ग, आणि शेवटी फार्मसीत जाऊन प्रत्यक्ष काम शिकायचं. मुलगा कॉलेजला गेला, घर खायला उठलं, म्हणून वहिनींनी ती पुस्तिका चाळली. वहिनींचे ‘हे’ म्हणाले, “घरात काय कमी आहे?” वहिनी म्हणाल्या, “कमी काही नाही, दुपारच फार आहे.” बरं बोलल्या की नाही?

पण मिरजेहून नणंदेचा व्हॉट्सॲप आलाच. ‘अमेरिकेत राहून औषधाच्या दुकानात पुड्या बांधायच्या?’ आणि इथे आपल्या काकू आहेतच, ज्यांची मुलगी रटगर्सला फार्म.डी. करते. सहा वर्षांचा कोर्स, माहितीय आम्हाला, प्रत्येक पॉटलकला सांगतात. भजी तोंडात ठेवून म्हणाल्या, “हो का? छान. म्हणजे कंपाउंडरच की.” सगळ्या गप्प. वहिनींनी शांतपणे चटणी वाढली आणि म्हणाल्या, “हो ना काकू. तुमची लेक औषध तपासणार आणि सही करणार, त्याआधीचं सगळं मी करून ठेवणार.” काकूंची भजी जी अडकली…

आता खरं सांगू का, मलाही वाटायचं, गोळ्या तर मोजायच्या. मोजतातही. त्या तबकात पट्टीने पाच-पाच गोळ्या सरकवायच्या, पाच, दहा, पंधरा. पण वहिनी सांगायच्या ना वर्गातलं, तेव्हा माझं डोकं गरगरायचं. डॉक्टरांच्या खुणा वेगळ्याच. बी.आय.डी. म्हणजे दिवसातून दोनदा, टी.आय.डी. म्हणजे तीनदा, पी.आर.एन. म्हणजे लागेल तेव्हा. मग गणितं. एकदा बाईंनी विचारलं म्हणे, इन्सुलिनची 10 मिलीची बाटली, मिलीत 100 युनिट, पेशंट रोज 30 घेतो, बाटली किती दिवसांची लिहाल? आपल्या वहिनी बी.कॉम., त्यातून कोऑपरेटिव्ह बँकेत काम केलेल्या. पेन न उचलता म्हणाल्या, “33!” सगळा वर्ग 33. आणि मागच्या बाकावरून एक बारीक आवाज, “28.” का? तर म्हणे फोडलेली बाटली बहुतेक 28 दिवसांनी टाकायचीच असते, उरली तरी. वहिनी मला म्हणाल्या, “बँकेत उत्तर आलं की संपायचं हो. इथे उत्तरानंतर माणूस सुरू होतो.” तेव्हाच मी ओळखलं, ही बाई आता कोर्स सोडत नाही.

आणि तो बारीक आवाज कुणाचा माहितीय? आपल्याच नाशिकची मुलगी! बी.फार्म. झालेली, तिकडे कंपनीत काम केलेली. तुम्ही म्हणाल, मग ती टेक्निशियनच्या वर्गात का? मीही तेच विचारलं. तर बाहेर देशात शिकलेल्यांना इथे फार्मासिस्ट व्हायचं तर आधी एक परीक्षा द्यावी लागते, आणि 2003 पासून पुढे पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम निदान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. एक वर्ष कमी, झालं! बसूच देत नाहीत. त्यात ती एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसावर. नवऱ्याच्या ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज मंजूर होऊन हिचं वर्क परमिट येईपर्यंत घरात बसून होती बिचारी. 2015 च्या आधी तर तेही नव्हतं, आपल्या वेळच्या किती जणी नुसत्या पोळ्या लाटत बसल्या… जाऊ दे, तो विषय काढला की माझा आवाज चढतो.

तर त्या दोघींची अशी गट्टी जमली! ती हिला औषधांची शेपटं शिकवते, शेवटी ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ आलं की ब्लडप्रेशर, ‘स्टॅटिन’ आलं की कोलेस्टेरॉल, ‘प्राझोल’ आलं की ॲसिडिटी. आणि वहिनी तिला गणितं. दोन ताकदींची औषधं मिसळून तिसऱ्या ताकदीचं करायचं, आपल्या शाळेतलं दुधात पाणी मिसळायचं गणितच ते. 200 औषधांची यादी पाठ करायची होती, दोन्ही नावांसकट, कंपनीचं वेगळं आणि मूळ वेगळं. फ्रिजवर चिठ्ठ्या, गाडीत चिठ्ठ्या, देवघरात सुद्धा. ह्यांच्या ‘ह्यां’नी आरतीला पुस्तक उघडलं तर आत हायड्रॉक्सिझिन आणि हायड्रालाझिन! एक खाजेवर देतात आणि एक ब्लडप्रेशरवर. नावं इतकी सारखी की चूक व्हायला नको म्हणून त्यातली वेगळी अक्षरं मुद्दाम मोठी छापतात.

आणि हळदीकुंकवाला उखाणा काय घेतला, ऐका:

मेटफॉर्मिन साखरेला, लिसिनोप्रिल प्रेशरला,
अमुकरावांचं नाव घेते, परीक्षा माझी मंगळवारला.

नाव मी गाळलं हो, उगीच कशाला. हसून हसून पुरेवाट. एकट्या काकू हसल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या परीक्षेत हजार मार्क फुकटच असतात म्हणे.” तर ते असं आहे, त्या सर्टिफिकेटच्या परीक्षेत गुण मोजतातच 1000 ते 1600 मध्ये, आणि 1400 ला पास. म्हणजे फुकटचं काही नाही, मोजपट्टीच तिथून सुरू होते. 90 प्रश्न, एक तास पन्नास मिनिटं. त्यातले 10 प्रश्न मोजतच नाहीत, पुढच्यांसाठी चाचपणी म्हणून घालतात. ह्यांचे ‘हे’ म्हणतात कसे, “मग ते दहा सोडून दे ना!” अहो, कुठले दहा ते सांगतात होय? वहिनींनी फक्त बघितलं त्यांच्याकडे. ते उठून लॉन कापायला गेले.

पास झाल्या. पेढे वाटले. आणि नवऱ्याला वाटलं, सुटलो. तर दर दोन वर्षांनी सर्टिफिकेट नवं करायचं, त्यासाठी 20 तासांचं शिक्षण पुन्हा, त्यात एक तास कायद्याचा आणि एक पेशंटच्या सुरक्षिततेचा. चेहरा असा उतरला त्यांचा. “म्हणजे दर दोन वर्षांनी भात मीच लावायचा?”

पण मी तुम्हाला बोलावलं ते यासाठी नाहीच. खरी गोष्ट पुढे आहे. इकडे सरका.

आता विचार करा. या गावातल्या अर्ध्या मराठी लोकांची औषधं त्या काउंटरवरून जातात. कुणाला झोप येत नाही, कुणाची साखर वाढली, कोण कुणापासून काय लपवतंय, सगळं, सगळं वहिनींच्या स्क्रीनवर! मला तर वाटलं, आपल्याला आता मराठी मंडळाच्या बातमीपत्राची सुद्धा गरज नाही. म्हणून मी गेले मुद्दाम दुपारी, गर्दी नसते तेव्हा. अळूवड्या घेऊन. म्हटलं, “काय हो, त्या मंडळाच्या माजी अध्यक्षांना मी परवा इथे बघितलं, बरे आहेत ना?” वहिनी म्हणाल्या, “कोण आलं होतं तेही मला सांगता येत नाही.” मी म्हटलं, “अहो, मी बघितलंय ना त्यांना!” “तुम्ही बघितलंत, मी नाही.” हिपा म्हणे. 1996 चा कायदा आहे, पेशंटची माहिती बाहेर काढली तर नोकरी तर जाईलच, वर दंड. मी म्हटलं, निदान मान हलवा. मानही नाही हलवली! त्या गोळ्यांच्या बाटलीला झाकण असतं ना, दाबल्याशिवाय फिरतच नाही आणि आपल्याला काही केल्या उघडत नाही, तशी बाई झालीय. आणि अळूवड्या ठेवून घेतल्या हो, ते मात्र कायद्यात बसलं.

बरं, एवढंच नाही. पूर्वी कुणी शिंकलं तरी वहिनी सल्ला द्यायच्या. ‘ती गोळी अर्धी घे’, ‘ही रात्री नको’. आता? “थांबा, फार्मासिस्टना बोलावते.” औषधाबद्दल सल्ला द्यायचा तो फार्मासिस्टने, टेक्निशियनने नाही. शिकून गप्प झालेली बाई मी पहिल्यांदा बघितली. एकदाच म्हणे राहवलं नाही. एक आजोबा इंडियातून आणलेल्या क्रोसिनवर आणखी टायलेनॉल घेत होते, दोन्ही एकच औषध, पॅरासिटामॉल, इथे ॲसिटामिनोफेन म्हणतात. जास्त झालं तर लिव्हर जातं. वहिनींनी तेव्हाही स्वतः सांगितलं नाही, धावत जाऊन फार्मासिस्टना घेऊन आल्या. हे मला त्यांनी सांगितलं नाही बरं, आजोबांच्या सुनेनेच सांगितलं.

आणि काकूंची गंमत राहिलीच! सर्दी झाली म्हणून सुडाफेड घ्यायला गेल्या. वहिनींनी लायसन्स मागितलं. “मला? लायसन्स? सर्दीला?” अहो, ते औषध 2006 पासून काउंटरच्या मागेच ठेवतात, त्यातून मेथ बनवतात ना लोक. दिवसाला 3.6 ग्रॅमवर देत नाहीत, आणि वहीत नाव लिहून सही. काकू सगळ्यांसमोर पर्स उपसत होत्या, आणि वहिनी अगदी गोड आवाजात, “सावकाश, काकू. कंपाउंडरला घाई नसते.” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, मी मागेच उभी होते. औषधाचं नाव मीच सांगितलं हं तुम्हाला, वहिनींनी नाही, उगीच त्यांच्यावर यायला नको.

हां, इन्शुरन्सचं तर विचारूच नका. इंडियाला तीन महिने चाललेली माणसं आदल्या दिवशी उगवतात, तीन महिन्यांच्या गोळ्या द्या म्हणून. मशीन म्हणतं ‘79’, म्हणजे रिफिलची वेळ झालेली नाही. ‘75’ आलं तर डॉक्टरांमार्फत इन्शुरन्सची आधी परवानगी. मग वहिनी फोन कानाला लावून व्हेकेशन ओव्हरराइडसाठी, म्हणजे प्रवासाला निघालेल्यांना गोळ्या लवकर मिळाव्यात म्हणून, अर्धा तास ते संगीत ऐकत उभ्या, आणि समोर माणूस विचारतो, “किती वेळ लागेल? माझी फ्लाइट आहे.” नाशिकची मुलगीही तिथेच लागलीय, ती म्हणते फार्म.डी.ला अर्ज करणार. काकूंच्या लेकीची ज्युनियर होईल मग. काकूंना हे अजून कळलेलं नाही, तुम्ही सांगू नका, मला सांगायचंय.

पण माझं काय झालं ते ऐका. मी अळूवड्या दिल्या, बातमी मिळाली नाही, म्हटलं निदान माझं औषध तरी द्या. मागे रांग. आपल्या गल्लीतल्या त्या दोघी, मंडळाच्या खजिनदार, आणि तो योगा क्लासवाला. वहिनी ओळख नसल्यासारख्या, मोठ्या स्वच्छ आवाजात, “जन्मतारीख?” मी म्हटलं, “अहो, मी!” “हो, पण जन्मतारीख विचारावीच लागते, चुकीच्या माणसाला औषध जाऊ नये म्हणून.” मी हळूच सांगितली. त्यांना ऐकू आली नाही. पुन्हा सांगितली. त्यांनी स्क्रीनवर बघून सालासकट मोठ्याने वाचली! मागे एकदम शांतता. मग त्या खजिनदारांचा आवाज, “अय्या, आम्ही तुम्हाला आमच्याच वयाच्या समजत होतो.”

अहो, हसताय काय! तुमचं रिफिल पण तिथेच आहे ना? तुमची जन्मतारीख कुठली हो? नाही, सहज विचारलं.