दुखापतीचा मान

शिकागोच्या डेव्हन ॲव्हेन्यूला मान वाटायची सवय आहे. रस्ता एकच, पण त्याच्या वेगवेगळ्या तुकड्यांवर तपकिरी पाट्या लावून गांधी, जिना, शेख मुजीब आणि गोल्डा मायर अशा चौघांचीही सोय लावलेली आहे. ही नावं मानद. पाकिटावर पत्ता डेव्हनचाच लिहायचा. यंदाच्या फेब्रुवारीत अशीच एक मानद पदवी या रस्त्याने मलाही दिली: खेळाडू.

वय ४७, वजन १०४ किलो. डिसेंबरपर्यंत भाजीच्या पिशव्या सांभाळत, धापा टाकत जाणाऱ्या मला ओळखीचे लोक “जरा वजनाचं बघा” एवढंच सांगत. जानेवारीत मी जिम लावली, चौथ्या दिवशी गुडघा गेला आणि पँटवरून काळा नी-ब्रेस चढवून मी लंगडत डेव्हनवर उतरलो.

“काय झालं हो?”

“जिममध्ये लागलं.”

“वा!”

हाच गुडघा घरचा जिना उतरताना दुखावला असता, तर “वजन कमी करा” ऐकावं लागलं असतं. मिठाईच्या दुकानात रांगेत मला पुढे घेतलं. मंडळातल्या एका काकांनी आपल्या मुलाला माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं, “बघ, या वयात!” मुलगा बघत होता. माझ्या हातात पाव किलो काजूकतली होती.

आता घडलं कसं ते सांगतो. पंचवीस वर्षांचं श्रीखंड एका जानेवारीत फेडायचं, असा माझा बेत होता. कर्ज फेडावं तर एकरकमी, हा मध्यमवर्गीय संस्कार. पहाटे साडेपाचचा वर्ग, बाहेर हाडं गोठवणारी थंडी आणि आत तेवीस वर्षांचा ट्रेनर. तो मला ‘चॅम्प’ म्हणाला. शहाणा माणूस अशा वेळी सावध होतो. मी उडी मारली.

उडी बर्पीतली होती. हा प्रकार रॉयल बर्पी नावाच्या न्यूयॉर्कच्या शरीरशास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात काढला. खाली बसायचं, पाय मागे फेकायचे, पुढे घ्यायचे, उभं राहायचं. असं चारदा करून नाडी मोजायची आणि माणूस किती तंदुरुस्त आहे ते ठरवायचं. म्हणजे ती परीक्षा होती. पुढच्या लोकांनी परीक्षेलाच अभ्यासक्रम केलं आणि शेवटी उडी वाढवली. मला पहिल्याच दिवशी पन्नास लावल्या. चारांत जे कळलं असतं, ते कळायला मला चौथा दिवस लागला.

आमचे आजोबा तालमीत जायचे. तिथे नव्या पोराला पहिले कित्येक दिवस नुसती हौदातली माती खणायला लावत. त्या मातीत हळद, ताक आणि तेल मुरवलेलं असे. कुस्ती राहू दे, आधी खांदा कळू दे, हा वस्तादाचा खाक्या. आमच्या चॅम्प म्हणणाऱ्या पोराला माझा खांदा कळला नाही आणि गुडघा कळायच्या आत तो रजेवर गेला.

गुडघ्याचं गणित मला नंतर समजलं. वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ साली वजन जास्त असलेल्या, गुडघ्याच्या संधिवाताच्या रुग्णांवरचा अभ्यास छापला. एक किलो वजन उतरलं, की दर पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असं त्यांना आढळलं. गुडघा हा असा सावकार: देताना चौपट देतो आणि घेतानाही चौपट घेतो. हे साध्या चालण्यातलं. उडी मारून धप्पकन उतरल्यावर तो काय व्याज लावत असेल, ते मी मोजायला गेलो नाही. त्याने मात्र वसूल केलं.

यानंतर सुरू झाली डेव्हनची वैद्यकी. इथे दुखापत खासगी नसते. वेस्टर्न ॲव्हेन्यूच्या सिग्नलला आंबेहळदीचा लेप सांगितला गेला, पुढच्या चौकात रक्तचंदन आणि पटेल ब्रदर्सच्या दारात महानारायण तेल. १९७४ मध्ये याच रस्त्यावर हे दुकान उघडलं, तेव्हापासून किती गुडघ्यांचे सल्ले त्या दाराने ऐकले असतील! एका सुशिक्षित मित्राने मात्र ठामपणे बजावलं, “बर्फ! फक्त बर्फ!” शिकागोत फेब्रुवारीत बर्फाला फ्रीज लागत नाही, दार उघडलं की झालं. पण विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच हा मंत्र १९७८ साली ज्यांनी दिला, त्या डॉ. गेब मर्किन यांनीच पुढे २०१४ मध्ये लिहून टाकलं, की बर्फाने वेदना थांबतात, पण भरून येणं लांबूही शकतं. मित्राला हे सांगितलं, तर तो म्हणाला, “मग डबल लाव.”

शेवटी फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो. त्यांनी ना ‘वा’ म्हटलं, ना ‘वजन’. म्हणाल्या, “तुमचा दम काही आठवड्यांत वाढेल, स्नायूही साथ देतील. पण स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोऱ्या हळू तयार होतात, त्यांना महिने लागतात. दम वाढला म्हणून उड्या वाढवू नका.” व्यायामानंतर दोन दिवस मांड्या दुखल्या तर घाबरायचं नाही. पण सांधा सुजला, पाय टेकवेना किंवा गुडघा अडकून बसला, तर डॉक्टर गाठायचा. आणि अति व्यायामानंतर लघवी कोलाच्या रंगाची झाली, तर थेट इमर्जन्सी, कारण स्नायू फुटून मूत्रपिंडावर बेततं. मी विचारलं, “तोवर करू काय?” त्या म्हणाल्या, “चाला. दुखेल त्याच्या आधी थांबा. उद्या पुन्हा.”

इतका मानहानिकारक सल्ला मला आजवर मिळाला नव्हता. चालण्यासाठी कुणी ‘वा’ म्हणत नाही.

पण चालायला डेव्हनइतका प्रामाणिक रस्ता नाही. शिकागोत घरांचे आठशे नंबर पुढे सरकले की एक मैल होतो. वेस्टर्न २४०० वर, कॅलिफोर्निया २८०० वर, केड्झी ३२०० वर. दुकानांच्या पाट्या वाचल्या की हिशेब हातात, मनगटावरचं घड्याळ फुशारकी मारायला मोकळं. पहिल्या आठवड्यात मी वेस्टर्नपासून २६०० पर्यंत गेलो, म्हणजे पाव मैल. मधे मिठाईची दुकानं. ती मी गुडघ्याच्या कारणाने टाळली, इच्छाशक्तीच्या नव्हे: आत शिरायला दोन पायऱ्या होत्या.

एके दिवशी दम खायला त्या तपकिरी पाटीखाली थांबलो. वर गांधींचं नाव. या माणसाने १९३० साली वयाच्या साठाव्या वर्षी दांडीपर्यंत सुमारे ३८५ किलोमीटर चालून दाखवले, तेही चोवीस दिवसांत. पण त्याआधीची कित्येक वर्षं ते रोज चालत होते. त्या रोजच्या चालण्याची पाटी कुठेच नाही. पाट्या मोहिमेच्याच लागतात, सरावाच्या लागत नाहीत.

आता मे महिना आहे. ब्रेस कपाटात गेला, वजन चार किलोंनी उतरलं आणि माझी पदवीही गेली. डेव्हनवर मला कुणी थांबवत नाही, रांगेत पुढे घेत नाही. काकांनी परवा पुन्हा “जरा वजनाचं बघा” म्हटलं. त्यांच्या मुलाने नवी जिम लावली आहे, ब्रेसही छान शोभतो म्हणे.

गेल्या रविवारी मी वेस्टर्नपासून केड्झीपर्यंत गेलो, मैल पुरा झाला. परत येताना १५५ नंबरची बस पकडली.