श्रीयुत बनावट व्हिडिओकार यांस

प्रति,
श्रीयुत बनावट व्हिडिओकार,
मुक्काम पोस्ट : आम्हा सर्वांचे मोबाईल

सप्रेम नमस्कार, वि. वि.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, आपले व्हिडिओ मात्र चोवीस तास येतात. या अखंड सेवेबद्दल आधी आभार.

जानेवारी २०२४ मध्ये आपण सचिन तेंडुलकरला गेमिंग ॲपची जाहिरात करायला लावलीत. तो मी नव्हेच, हे बिचाऱ्याला स्वतः जाहीर करावे लागले. आवाजाची नक्कल थांबवा म्हणून आशाताई भोसले २०२५ मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. केवढी आपली कलासेवा!

आपल्यापायी आशियातली सरकारे किती राबताहेत बघा. चीनने १ सप्टेंबर २०२५ पासून एआयच्या मजकुरावर दोन खुणा सक्तीच्या केल्या : एक डोळ्यांना दिसणारी, दुसरी फाइलच्या पोटात दडलेली. दक्षिण कोरियाचा एआय कायदा २२ जानेवारी २०२६ला लागू झाला; दंडाला मात्र किमान वर्षभर सवलत. जपानने २०२५ मध्ये कायदा केला, त्यात दंडच ठेवला नाही. दिल्लीने १ मार्च २०२४ला कंपन्यांना बजावले, की कच्चे एआय मॉडेल लोकांपुढे आणण्याआधी परवानगी घ्या; आणि १५ मार्चला ती अट मागेही घेतली. सरकारी कागद इतक्या झपाट्याने फिरताना आमच्या तहसील कचेरीत कुणी पाहिलेला नाही.

फेब्रुवारी २०२६ पासून मात्र आपल्या देशातही खऱ्यासारख्या भासणाऱ्या एआय व्हिडिओवर लेबल सक्तीचे आहे. आपण ते लावणारच! चोराने छातीवर पाटी लावून घरात शिरावे, इतकीच माफक अपेक्षा. शिवाय सरकारचा किंवा कोर्टाचा आदेश आला, की समाजमाध्यमांनी तो मजकूर तीन तासांत हटवायचा. आदेश निघेपर्यंत आपला व्हिडिओ आमच्या गुलमंडीहून निघून पुण्याच्या मावशीला भेटून पुन्हा आमच्याच फॅमिली ग्रुपवर आलेला असतो, 'नक्की बघा' या शिफारशीसह.

थट्टा पुरे. लेबल प्रामाणिक माणूस लावतो, नियम कंपनी पाळते. आपल्यासाठी हवा तपास, अटक आणि खटला. सायबर पोलिसांना पुरेशी माणसे आणि साधने मिळाल्याशिवाय नियमांची चळत कितीही उंच झाली, तरी आपल्याला तिचा धाक नाही.

आणि वाचकहो, व्हिडिओतला नामवंत पैसे गुंतवा म्हणाला, की तो व्हिडिओ पुढे ढकलू नका. पैसे गेलेच, तर लाजू नका; ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

कळावे, लोभ नसावा.

एक मोबाईलधारक,
छत्रपती संभाजीनगर