दुसरं पान मिळणार नाही

‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ या सिनेमाच्या नावातल्या ‘इन्टू’चं पहिलं अक्षर मोठं लिहायचं की छोटं, यावर इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१२-१३च्या हिवाळ्यात ४०,०००हून जास्त शब्द खर्च केले. सिनेमा तर अजून लागायचाच होता. एवढ्या शब्दांत आपल्याकडे कादंबरी होते, आणि जरा ओळखी असतील तर तिला पुरस्कारही मिळतो. शेवटी अक्षर मोठं ठरलं. या उद्योगाबद्दल कुणाला एक छदामही मिळाला नाही.

फुकट काम करणारी माणसं सर्वांत कडाडून भांडतात. हौसिंग सोसायटीच्या कमिटीवर बसलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

विकिपीडियावरच्या भांडणांचे नमुने बघा. दह्याचं इंग्रजी स्पेलिंग ‘एच’ घालून करावं की न घालता, हा वाद २००३ पासून २०११ पर्यंत चालला. ॲल्युमिनियम ब्रिटिश पद्धतीने लिहायचं की अमेरिकन, यावर तोडगा निघाला तो असा: रसायनशास्त्राच्या लेखांत ॲल्युमिनियम ब्रिटिशांचं आणि सल्फर अमेरिकनांचं. वर आंतरराष्ट्रीय रसायन संघटनेचा दाखला जोडला, म्हणजे कुणी कुणापुढे वाकलं असं दिसायला नको.

पोलंडचं ग्दान्स्क म्हणजे जर्मनांचं डान्झिग. त्याच्या नावावर २००५ साली मतदान घेतलं, तेही इतिहासाचे तुकडे पाडून, एकेका कालखंडावर वेगळं. निकाल: १३०८ ते १९४५ डान्झिग, त्याआधी आणि त्यानंतर ग्दान्स्क. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या तोफांपैकी काही याच बंदरात धडाडल्या होत्या, हे लक्षात घेतलं तर मतदान फारच स्वस्तात पडलं म्हणायचं.

आपल्या वाट्याला आलेला तोडगा याहून भारी आहे. भारतीय विषयांवरच्या इंग्रजी लेखात सुरुवातीला नाव कुठल्या लिपीत द्यायचं? देवनागरीत, उर्दूत, कन्नडमध्ये, की सगळ्यांत? आणि सगळ्यांत, तर पहिला मान कुणाचा? रोज एकाने लिपी घालायची, दुसऱ्याने काढायची. २०१२ साली ठरलं की थोडे अपवाद सोडले तर एकही नको. भांडण मिटलं, कारण भांडायची वस्तूच उचलून नेली.

आता भांडण मिटवायची रीत. तुम्ही लेखात बदल केलात आणि कुणी तो उलटवला, तर तोच बदल पुन्हा दामटू नका, चर्चापानावर या. हट्टाने एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं काम उलटवलंत, तर तुमच्यावर बंदी येऊ शकते. ‘पण माझंच बरोबर होतं’ हा बचाव तिथे चालत नाही. दोघांत जमेना, तर तिसऱ्याचं मत घ्या. तरीही अडलं, तर सगळ्या गावाला बोलवा. ही गावचर्चा साधारण ३० दिवस चालते आणि मग कुणी अलिप्त माणूस ती पूर्ण वाचून सहमती काय झाली ते लिहितो. हात मोजायचे नाहीत, मुद्दे तोलायचे. हात मोजायचे ठरवले की एकेका माणसाला रात्रीत वीस-वीस हात फुटतात, हा अनुभव तिथे जुना आहे.

मध्यस्थांची एक समितीही होती. दोन्ही बाजू राजी असतील तरच ती बसायची. अर्थात तिला काम उरलं नाही, आणि २०१८ साली ती गुंडाळली.

सर्वांत वर लवाद समिती. लोक तिच्या दारात भले मोठे पुरावे घेऊन जातात, आणि लेखात काय लिहावं हे ती सांगतच नाही! कोण कसं वागलं, एवढंच बघते. म्हणजे सर्वोच्च न्यायालयात पोचल्यावर न्यायाधीशांनी म्हणावं की जमीन कुणाची ते आम्हांला विचारू नका, आधी शिवी कुणी दिली ते सांगा.

हसा खुशाल. पण २००१ पासून हा संसार टिकलाय, आणि तो या कलमांमुळे टिकलेला नाही. ही कलमं ज्या खुंटीला टांगली आहेत ती खुंटी एकच: एका विषयाला एकच पान. तुमचा लेख मला पटला नाही, तर शेजारी माझा वेगळा लेख मांडायची मुभा मला नाही. तुमच्याच वाक्यात मला माझा शब्द बसवावा लागतो, आणि तो तुम्हांला निदान सहन व्हावा लागतो. दुसरं पान मिळणार नाही हे एकदा कळलं, की माणसं नाइलाजाने शहाणी होतात.

मराठी माणसाला हे समजणं जड. आपल्याकडे मतभेद झाला की चर्चा होत नाही, स्थापना होते. दुसरं मंडळ, दुसरी परिषद, दुसरं संमेलन. २०२२ मध्ये एका पक्षाचे दोन झाले, २०२३ मध्ये आणखी एकाचे दोन. मग नाव कुणाचं आणि चिन्ह कुणाचं हे ठरवायला निवडणूक आयोग बसला. मुळात मतभेद कशावरून होता, हे आज कार्यकर्त्याला विचारा. नव्या कार्यालयासमोर नारळ फुटतो तेव्हा जुना मुद्दा करवंटीसोबत बाजूला पडतो.

फुटून निघायचे प्रयोग तिकडेही झाले. जाहिराती येणार या धास्तीने स्पॅनिश विकिपीडियाचे बरेच संपादक २००२ साली बाहेर पडले आणि त्यांनी ‘एन्सिक्लोपेदिया लिब्रे’ काढला. जाहिराती काही आल्या नाहीत. विकिपीडियाचे सहसंस्थापक लॅरी सँगर यांनी बाहेर पडून ‘सिटिझन्डियम’ काढला: खऱ्या नावाने लिहा, तज्ज्ञांचा मान राखा. कल्पना चांगली होती, वाचक मात्र जुन्या घरीच राहिले. हेच सँगर २०२५ मध्ये म्हणाले की एका विषयावर परस्परांशी स्पर्धा करणारे अनेक लेख असू द्यावेत. म्हणजे ज्याने त्याने आपल्या मताचा लेख वाचावा आणि सुखाने झोपावं. ती सोय व्हॉट्सॲपवर आधीपासून आहे.

एकच पान म्हणजे रामराज्य, असंही नव्हे. पान एक आणि किल्ल्या एकाच टोळक्याकडे, असं झालं की त्याचा क्रोएशियन विकिपीडिया होतो. तिथे मोजक्या मंडळींनी प्रचालकपदं हातात ठेवून वर्षानुवर्षं आपल्याला हवा तसा राष्ट्रवादी इतिहास लिहिला. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने २०२१ साली प्रसिद्ध केलेला अहवाल तो सगळा प्रकार सांगतो. विरोध करणारेच बाहेर गेले, की सहमती अगदी शंभर टक्के. शिवाय या पद्धतीत वेळ ज्याच्याकडे, विजय त्याच्याकडे. ज्याला सकाळी सातची लोकल पकडायची आहे तो रात्री दोन वाजता उत्तर लिहीत बसत नाही, आणि ज्याला कुठेच जायचं नाही त्याचं वाक्य लेखात राहून जातं.

आणि बाहेर राहणारा दरवेळी चुकतोच, असंही नाही. जोतीराव फुले यांनी १८८५ साली ग्रंथकार सभेला पत्र पाठवून आपण येणार नसल्याचं कळवलं, ते योग्यच होतं. त्या पानावर त्यांच्या माणसांना ‘संपादन’ नावाची कळच दिलेली नव्हती. दार बंद असेल तर दुसरं घर बांधावंच लागतं. आपला प्रश्न वेगळा आहे: दार सताड उघडं असताना अंगणात उभं राहून पोलिसांना फोन लावणाऱ्यांचं काय करायचं?

२०२५च्या फेब्रुवारीत ‘छावा’ हा सिनेमा लागला. लोकांनी संभाजी महाराजांवरचा इंग्रजी लेख उघडला आणि त्यातल्या काही मजकुरावरून संताप उसळला. मुख्यमंत्र्यांनी सायबर पोलिसांना लक्ष घालायला सांगितलं, विकिपीडियाला नोटीस गेली, काही संपादकांवर गुन्हाही नोंदला गेला. मजकूर सदोष असू शकतो. तसा तो असतो, म्हणून तर खोडायची सोय ठेवली आहे. पण आक्षेप नोंदवायची जागा लेखाच्या डोक्यावरच होती, आणि तिथे लागला असता तो एक विश्वासार्ह ग्रंथ, पृष्ठ क्रमांकासह. वा. सी. बेंद्रे यांनी कित्येक वर्षं कागदपत्रं चाळून संभाजी महाराजांचं चिकित्सक चरित्र मराठीत उभं केलं. ते कपाटातून काढून पान सांगायचं, तर आधी ते उघडावं लागतं. फिर्यादीला तशी अट नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून आहे, म्हणजे नेमका महाराष्ट्र दिनापासून. सामाईक गप्पांसाठी तिथे चावडी आहे आणि प्रत्येक लेखाला स्वतःचं चर्चापान. त्यातली बहुतेक कोरी. यावरून मराठी माणसांत एकमत झालं, असा निष्कर्ष कुणी काढू नये. भांडण जोरात चालू आहे, फक्त दुसरीकडे: ग्रुपवर, चॅनेलवर, दिवाळी अंकाच्या पत्रव्यवहारात, आणि आवेश फार झाला की पोलीस ठाण्यात. कोरं चर्चापान म्हणजे लेख निर्दोष असल्याचं प्रमाणपत्र नव्हे. त्या लेखाकडे कुणी फिरकलं नाही, एवढंच ते सांगतं.

तेव्हा भांडाच. किल्ल्यांवरून भांडा, संतांच्या जन्मगावांवरून भांडा, मिसळ कुणाची यावरून तर अवश्य भांडा. फक्त मजकुराखाली सही करा, तारीख पडू द्या, संदर्भ जोडा, आणि समोरच्याने खोडलंच तर उद्या त्याच पानावर परत या. नव्या मंडळाच्या नोंदणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घालण्यापेक्षा हे स्वस्त पडतं. अध्यक्षपद मात्र मिळत नाही, आणि खरी अडचण बहुधा तीच आहे.